नॉटिलसचं चांदीचं नाणं: घेण्याआधी, घेताना आणि आजीपासून लपवताना

गावात कोणाला सांगितलं की चांदीचं नाणं घेतलंय, तर पहिला प्रश्न येतो किती तोळ्याचं आणि दुसरा येतो लक्ष्मीचं की गणपतीचं. मी म्हणतो कॅप्टन नेमोचं. मग समोरचा माणूस दोन सेकंद बघतो आणि विषय आंब्याच्या मोहोरावर नेतो. पण मधल्या काळात तिघाचौघांनी, त्यात दोन तर कॉलेजची पोरं, मला नीट विचारलं की असलं नाणं मिळतं कुठे, खरं कसं ओळखायचं, आणि आपल्याकडच्या हवेत ते काळं पडत नाही का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी कोणी एक्स्पर्ट नाही हां, एकदा फसलेला आणि एकदा स्वतःच्याच घरात नुकसान करून घेतलेला माणूस आहे, तेवढ्याच अधिकाराने वाचा.

आधी नाणं कुठलं ते सांगतो, कारण पुढची सगळी गणितं त्यावरच करणारे. फ्रान्सचं आहे, २००५ सालचं, किंमत लिहिलेली दीड युरो. जूल व्हर्न २४ मार्च १९०५ ला वारला, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून पॅरिसच्या टांकसाळीने त्याच्या कादंबऱ्यांवर चांदीची नाणी काढली, त्यातलं हे समुद्राखालच्या २०,००० लीग प्रवासाचं. कादंबरी मुळात १८६९-७० मध्ये मासिकातून तुकड्या-तुकड्याने आली. आणि हे वीस हजार लीग म्हणजे खोली नाही बरं का, खूप जणांना वाटतं पाणबुडी एवढी खाली गेली, एवढं खाली जायला पृथ्वी पुरणार नाही! ते अंतर आहे, एक लीग चार किलोमीटरची धरली तर ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळपास दोन फेऱ्या.

आपल्याला ह्या गोष्टीत जास्त इंटरेस्ट का असावा तर त्या पाणबुडीचा, म्हणजे नॉटिलसचा, कप्तान नेमो हा आपलाच माणूस. पुढच्या एका कादंबरीत कळतं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, सगळं गमावून समुद्रात गेलेला. आणि नॉटिलस सिलोनहून निघून लक्षद्वीपच्या बाजूने अरबी समुद्र चढत ओमानकडे जाते, म्हणजे देवगडच्या दीपगृहावर उभं राहून समोर बघितलं तर त्या कागदावरच्या पाणबुडीची वाट तिकडेच कुठेतरी, क्षितिजाच्या पलीकडे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला म्हणून आमच्यासारख्यांना तो शाळेच्या वयात भेटला, नाहीतर कुठला फ्रान्स आणि कुठले आम्ही. असो. हे सगळं डोक्यात असलं की नाणं घ्यावंसं वाटतंच, आणि इथेच पहिली गोची होते, कारण मनाने आधीच घेऊन टाकलेलं असतं आणि तपासायचं राहून जातं.

तर पहिली पायरी, पैसे काढायच्या आधी, समोर जे आहे ते नाणं आहे का तेच बघायचं. हसू नका. ऑनलाइन "सिल्व्हर कॉइन" म्हणून जे दिसतं त्यात तीन वेगवेगळ्या जाती असतात. एक, देशाच्या स्वतःच्या टांकसाळीने काढलेलं, त्यावर देशाचं नाव, साल आणि किंमत असते, माझं हे त्यातलं. दुसरी जात म्हणजे छोट्या बेटांच्या नावावर निघालेली नाणी, निऊए, कुक आयलंड्स, तुवालू वगैरे. ही नाणी कायदेशीर असतात, किंमतही छापलेली असते, पण बनवणारी टांकसाळ भलतीकडची आणि गिऱ्हाईक सगळं जगभरातलं, त्या बेटावरच्या भाजीवाल्याने ते नाणं कधी बघितलेलं नसतं. निऊएची लोकवस्ती दोन हजारांच्या आत आहे, आमच्या गावच्या जत्रेला ह्याच्या कितीतरी पट माणूस जमतो. वाईट अजिबात नाहीत ही नाणी, दिसायला तर कधीकधी सगळ्यात भारी हीच असतात, रंगीत काय, उठावदार काय, फक्त देशाचं नाव वाचून "दुर्मिळ आहे" म्हणून जास्त पैसे देऊ नका. साहसकथांवर तर ह्यांचा विशेष जीव, चाचे, बेटं, खजिने सगळं सापडेल. तिसरी जात म्हणजे ज्यावर किंमतच नाही. त्याला राउंड म्हणतात नाहीतर मेडल म्हणतात, ते नाणं नव्हेच, नाण्याच्या आकाराचा चांदीचा तुकडा, किंवा चांदीचा मुलामा दिलेला पितळेचा तुकडा. मी पहिल्यांदा फसलो ते ह्या तिसऱ्यात.

दुसरी पायरी म्हणजे आकडे. कुठल्याही नाण्याचे चार आकडे वहीत लिहून घ्यायचे मगच विक्रेत्याशी बोलायचं: वजन, व्यास, चांदीचं प्रमाण आणि साल. ह्या दीड युरोच्या फ्रेंच नाण्यांचं ठरलेलं माप आहे २२.२ ग्रॅम, ३७ मिलिमीटर, ९०० चांदी. ९०० म्हणजे हजारात नऊशे भाग, आपला सोनार ज्याला नव्वद टंच म्हणेल ते, उरलेला दशांश तांबं वगैरे, कारण निव्वळ चांदी मऊ असते. मग गणित सरळ आहे, २२.२ गुणिले ०.९ म्हणजे १९.९८ ग्रॅम शुद्ध चांदी, वीसच धरा. समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली, फक्त हिशोबापुरती, रोजचा भाव रोज बघायचा, तर धातूची किंमत झाली साधारण २,००० रुपये. आता विक्रेता ५,००० सांगतोय तर वरचे ३,००० कशाचे आहेत हे त्याला विचारायचं आणि स्वतःलाही विचारायचं. डबी, सर्टिफिकेट, थोडी छपाई, प्रूफ क्वालिटी (म्हणजे आरशासारखं चकचकीत, पुढे सांगतो), आपली हौस, ह्याचे ते. द्या की, पण माहीत असून द्या.

दीड युरो ही काय किंमत असा प्रश्न पडतो सगळ्यांना. फ्रान्समध्ये आधी दहा फ्रँकची अशीच चांदीची नाणी निघायची, आणि युरोचा दर ठरला तो ६.५५९५७ फ्रँकला एक, म्हणजे दहा फ्रँक झाले दीड युरोच्या जरासे वर. नव्वदच्या दशकात तर एकाच नाण्यावर दहा फ्रँक आणि दीड युरो असं दोन्ही छापायचे. आणि एक, ही असली युरो नाणी फक्त ज्या देशाने काढली तिथेच चालतात, जर्मनीत दुकानदार घेणार नाही. म्हणजे छापलेली किंमत विसरून जा, ती नुसती ओळख आहे.

आपल्याकडच्या सरकारी नाण्यांशी तुलना करून बघा म्हणजे प्रमाणाचं महत्त्व कळेल. आपली १०० रुपयांची स्मारक नाणी बरीच वर्षं ३५ ग्रॅम आणि ४४ मिलिमीटरची निघाली, हातात घेतली तर ह्या फ्रेंच नाण्यापेक्षा कितीतरी भरदार. पण त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल आणि जस्त पाच-पाच. म्हणजे ३५ ग्रॅमात साडेसतरा ग्रॅमच चांदी, आणि त्या बारक्या २२ ग्रॅमच्या नाण्यात वीस. आकारावर जाऊ नका ते ह्याच्यासाठी.

तिसरी पायरी, घ्यायचं कुठून. सगळ्यात चांगला रस्ता मला विचाराल तर मुंबई. कोकणकन्या पकडा नाहीतर तुतारी, मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे व्यापारी टेबल लावून बसतात, नाणं भिंगाखाली बघता येतं, वजन करता येतं, घासाघीस करता येते. पहिल्या खेपेला काहीच घेऊ नका, फक्त बघा, हात मागे बांधून. त्याच खेपेत फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बघून या, चांगली नाणी कशी दिसतात ते डोळ्यात बसलं की मग भिकार नाणं आपोआप खटकतं.

ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडे पाच फोटो मागायचे: पुढची बाजू, मागची बाजू, कड, काट्यावर ठेवून वजन दिसतंय असा, आणि डबी-सर्टिफिकेटसकट. टांकसाळीच्या वेबसाइटवरचा गुळगुळीत फोटो पाठवला तर समजायचं नाणं त्याच्या हातात नाही. वजनाचा फोटो द्यायला कोणी कुरकुर केली तर तिथेच नमस्कार. फ्रेंच विक्रेते "बीई" लिहितात, ते म्हणजे आपण ज्याला प्रूफ म्हणतो ते, आरशासारखी जमीन आणि त्यावर दुधट चित्र. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेलं पण साधं. दोन्हीच्या किमतीत फरक असतो आणि फोटोत तो झाकता येतो. न्यूमिस्टा नावाचा फुकट ऑनलाइन कॅटलॉग आहे, संग्राहकांनीच मिळून बनवलेला, त्यावर नाणं शोधून आधी दोन्ही बाजू डोळ्याखालून घाला.

आणि खूण बघायची ती पॅरिसची. मोठं भिंग घ्या, दहा पटीचं, जवाहिऱ्यांकडे असतं तसं. पॅरिसच्या टांकसाळीची खूण म्हणजे फळाफुलांनी भरलेलं शिंग, आणि त्याच्या जोडीला मुख्य कोरणाऱ्या कारागिराची स्वतःची खूण असते. २००५ मध्ये तिथे जो मुख्य होता त्याची खूण म्हणजे शिकारीचा भोंगा, लाट आणि मासा. मासा! मला हे कळलं तेव्हा मी रात्री दहा वाजता टॉर्च लावून तो मासा शोधत बसलेलो, आणि सापडल्यावर जो आनंद झाला तो नाणं आलं तेव्हासुद्धा झाला नव्हता. एवढासा ठिपका असतो, तीळाएवढा. नकली बनवणारा बहुतेक इथेच आळस करतो, मासा असतो पण माशाला ना शेपूट ना आकार, नुसता फोड.

डिझाइनबद्दल एक गंमत सांगून पुढे जातो. २०२१ मध्ये ब्रिटनच्या टांकसाळीने एच. जी. वेल्सच्या नावाने दोन पाउंडचं नाणं काढलं, त्यावर त्याच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' कादंबरीतलं मंगळवाल्यांचं ते तीन पायांचं यंत्र, आणि नाण्यावर पाय चार! कादंबरी वाचलेल्या लोकांनी लगेच धरलं. म्हणजे खऱ्या नाण्यातही चूक असू शकते, चूक दिसली म्हणून नकली समजू नका, आणि घ्यायच्या आधी कादंबरी वाचा, तेवढी तर अपेक्षा आहे ना.

चौथी पायरी, परदेशातून मागवणं. आपल्या भागात प्रत्येक वाडीत एक तरी पोरगा बोटीवर असतो नाहीतर गल्फमध्ये, आणि पहिला विचार हाच येतो की येताना खिशात घालून आणेल. थांबा. प्रवाशाच्या सामानाला जी ड्युटी-फ्री सवलत असते त्यात दागिने सोडून इतर रूपातलं सोनं-चांदी बसत नाही, आणि नाणं म्हणजे दागिना नाही. म्हणजे त्याने विमानतळावर कस्टमच्या रेड चॅनलला जाऊन सांगायचं, बिल दाखवायचं, लागेल ती ड्युटी भरायची आणि पावती घ्यायची. माझ्या मामेभावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला एवढ्याशा नाण्यासाठी कोण बघतंय, मी म्हटलं तुझी नोकरी जहाजावरची आहे, पासपोर्टवर जगतोस, तू हा प्रयोग करूच नको. शेवटी मी कुरियरने मागवलं. कुरियरवाले केवायसी मागतात, आधार किंवा पॅन, ते दिल्याशिवाय पार्सल कस्टममधून सुटत नाही. कस्टम जी किंमत धरतं त्यात नाण्याची किंमत, पाठवणावळ आणि विमा सगळं येतं, नुसती नाण्याची नव्हे, आणि त्यावर ड्युटी, त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. दर बजेटला बदलतात आणि चांदीच्या आयातीचे नियम तर मध्येच बदलतात, म्हणून ऑर्डर द्यायच्या दिवशीचा नियम बघायचा, गेल्या वर्षी कोणाला काय लागलं ते नाही. विक्रेता म्हणाला "गिफ्ट लिहितो, किंमत कमी लिहितो" तर नको म्हणा. हरवलं तर विमाही त्या कमी किमतीचाच मिळणार, डबल नुकसान.

आता पाचवी पायरी, पार्सल घरी आल्यावर. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात मजेचं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, एका हाताने जमत नसेल तर धाकट्या भावाला पकडा. मग एक छोटा डिजिटल काटा लागेल, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, काही शेकड्यांत मिळतो. काटा बरोबर दाखवतो का ते आधी तपासायचं, त्यासाठी खिशातलं २० रुपयांचं नाणं ठेवा, ते ८.५४ ग्रॅमचं असतं, दोन ठेवली तर १७.०८. वापरलेलं असेल तर किंचित कमी भरेल, चालतं. मग आपलं नाणं. कॅप्सूलमधून काढायला लागेल, तर टेबलावर मऊ टॉवेल पसरून त्याच्यावरच काढायचं, पडलं तर कडेला ठेच लागते आणि मग आयुष्यभर तीच ठेच दिसते, आणि धरायचं फक्त कडेने, तोंडावर बोट नाही, बोटाचा ठसा चांदीवर काही महिन्यांनी कायमचा उमटतो. आणि नाण्याच्या समोर तोंड करून बोलायचं पण नाही, थुंकीचा बारीक शिंतोडा उडाला तर पुढे तिथे काळा ठिपका येतो. घरात सांगून ठेवा, नाहीतर सगळे वाकून "बघू बघू" करतात.

वजन २२.२ च्या आसपास, व्हर्नियर कॅलिपरने (जाडी-रुंदी मोजायची पट्टी) व्यास ३७, एवढं जुळलं तर निम्मी लढाई जिंकली. चुंबक लावून बघा, चांदीला चिकटत नाही, पण पितळ, तांबं, शिसं ह्यांनाही चिकटत नाही, म्हणून चिकटला नाही म्हणजे चांदीच असं नव्हे. चिकटला तर मात्र विषय संपला. जोरदार निओडिमियम चुंबक असेल तर नाणं तिरकं धरून त्यावरून घसरवा, चांदीवरून तो सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्यासारखा सावकाश उतरतो, कारण चांदीतून वीज चांगली वाहते आणि फिरणाऱ्या चुंबकाने त्यात उलटे प्रवाह तयार होतात. तांब्यावरही तसंच होतं, म्हणून ही एकटी टेस्ट पुरेशी नाही. आणि प्रूफ नाण्यावर चुंबक घासायचा नाही, ओरखडा म्हणजे ओरखडा.

पाण्याची टेस्ट ही माझी आवडती. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा पण तळाला टेकवू नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं नाण्याचं घनफळ. वजनाला त्याने भागलं की घनता. शुद्ध चांदी १०.४९, नव्वद टंच साधारण १०.३. म्हणजे ह्या नाण्याला काट्यावर २.१५ च्या आसपास यायला पाहिजे. निकेल मिसळलेल्या तांब्याचं असेल तर २.५ च्या जवळ येईल. माझ्या त्या पहिल्या खरेदीची गोष्ट इथेच उघडी पडली. एका ऑनलाइन विक्रेत्याने चाच्यांच्या गलबताचं चित्र असलेलं "एक औंस ९९९" म्हणून दिलं होतं. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. काटा म्हणाला २७.३. मला वाटलं काटाच गंडलाय. पाण्यात ३.२ आलं. भागाकार केला, ८.५३. पितळ! आत पितळ आणि वरून चांदीचा हात फिरवलेला. पैसे परत मिळाले नाहीत, तो तुकडा आता आमच्या दाराच्या कडीखाली पाचर म्हणून आहे आणि ते काम तो उत्तम करतो. पण ही पाण्याची टेस्ट प्रूफ नाण्याची करू नका, वजन, व्यास आणि भिंग ह्यावर भागवा, करायचीच असली तर डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नाही, आणि नंतर पुसायचं नाही, मऊ कापडावर ठेवून नुसतं टिपू द्यायचं.

सोनाराकडे न्यायचं का? न्या, वजनाला न्या, गप्पा मारायला न्या, पण कसोटीवर घासू देऊ नका. कणकवलीच्या आमच्या ओळखीच्या सोनारकाकांचा हात सवयीने दगडाकडे गेलेला, मी जवळजवळ ओरडलोच. त्यांना राग आला नाही, हसले, म्हणाले अरे एवढं जपतोस तर बायकोला काय जपशील. त्यांच्यासाठी चांदी म्हणजे घासायची, वितळवायची, घट काढायची गोष्ट आहे आणि त्यात चुकीचं काही नाही, पण आपलं नाणं त्या वाटेने जाणार नाही.

आता सहावी, जिथे आपण कोकणवाले पुण्याच्या लोकांपेक्षा वेगळे पडतो. हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी येते तिथे चांदीचं काय. पण एक गैरसमज काढून टाका, चांदी पाण्याने किंवा हवेतल्या ऑक्सिजनने काळी पडत नाही, ती काळी पडते गंधकाने. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असला की चांदीवर सल्फाइडचा थर बसतो, आधी पिवळसर, मग तपकिरी-निळा, मग काळा. दमटपणा फक्त ते काम भरभर करून घेतो. मग गंधक आपल्या घरात कुठून येतं ते शोधा: रबरबँड, लोकरीचं कापड, अंडी, आणि आपल्याकडे सुकत घातलेले बोंबील-सुकट, खाडीचा ओहोटीचा चिखल. ज्यांचं घर खाडीला लागून आहे त्यांच्या घरात समईच्या बाजूची चांदी बघा, वाडीतल्या घरापेक्षा लवकर काळवंडते. तर नाण्याचं कपाट सुकटीच्या डब्यापासून लांब, चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, तिथे पावसात ओल येते. लाकडी कपाटापेक्षा स्टीलचं बरं, लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते. डांबरगोळ्या जवळ नकोत.

नाणं कडक कॅप्सूलमध्ये, बरोबर ३७ मिलिमीटरच्या, सैल असलं की आत खुळखुळून झिजतं. स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात तर अजिबात नको, ती पीव्हीसीची असतात आणि आपल्या उकाड्यात काही वर्षांत त्यातून हिरवट चिकट काहीतरी सुटून नाण्याला लागतं, हाताला बुळबुळीत लागतं ते. पाकीटच पाहिजे तर मायलरचं मागा, ते कुरकुरीत वाजतं, त्यावरून ओळखायचं. मग कॅप्सूल एका घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या दोनतीन पुड्या आणि जमल्यास टार्निश, म्हणजे हा काळेपणा, थांबवणारी पट्टी, ती गंधक आधी स्वतः खाते. सिलिका जेल कायमची नसते हे कोणी सांगत नाही, ती ओल पिऊन पिऊन भरते. रंग बदलणारी मिळते, निळी असली तर भरल्यावर गुलाबी होते, केशरी असली तर हिरवट. मंद आचेवर जुन्या तव्यात गरम करून परत रंग आला की परत वापरायची. रोजचा भाकरीचा तवा नको, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. मी मिरगाच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा करतो, मध्ये डबा उघडतच नाही. पावसात पाहुणे आले आणि नाणं बघायचंय म्हणाले तर फोनमधला फोटो दाखवतो, लोकांना वाटतं खवचट आहे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तरी डबा-जेल सकटच ठेवा, तळमजल्यावरच्या लॉकररूममध्ये पावसात काय हवा असते ते एकदा आत जाऊन बघा.

सातवी पायरी आहे ती न करण्याची. नाणं साफ करायचं नाही. मला माहीत आहे तुम्ही करणार, म्हणून गोष्ट सांगतो. माझं व्हर्नच्या नाण्यांमधलंच दुसरं एक नाणं होतं, कडेला छान सोनेरी-जांभळी छटा आलेली, संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात आणि ती चांगली असेल तर उलट जास्त पैसे देतात. दिवाळीच्या आधी मी दोन दिवस रत्नागिरीला गेलो आणि डबा टेबलावर राहिला. परत आलो तर आजी खुशीत. "अरे, काळा पडला होता ता, मी आमसूल लावन घासलंय, बघ कसा चकचकता!" वर हळदकुंकवाचं बोट लावून देवात ठेवलेलं. आमसुलातलं आम्ल आणि वरून नारळाचा काथ्या. प्रूफ नाण्याची आरशासारखी जमीन म्हणजे आता परातीची पाठ झाली होती, सगळीकडे गोल गोल रेघा. आजीला काय बोलणार, तिने आयुष्यभर तांब्यापितळेची भांडी अशीच लख्ख ठेवली. मी म्हटलं छान झालं, आणि मागच्या पडवीत जाऊन बसलो.

तर आमसूल, चिंच, रांगोळी, राख, टूथपेस्ट, रिठा, काही नाही. यूट्यूबवर दाखवतात तो ॲल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा घालून गरम पाण्याचा प्रयोग, तो काळेपणा खरंच काढतो, सल्फाइडची परत चांदी होते त्यात, पण समईला आणि पैंजणाला करा, प्रूफ नाण्याला नाही, दुधट भागाचा पोत जातो. फक्त एकाच वेळी हात लावायचा, पीव्हीसीचा हिरवा चिकटा लागला असेल तर. तो थांबवला नाही तर चांदी खात जातो. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवायचं, घासायचं नाही, काढून तसंच सुकू द्यायचं. शुद्ध म्हणजे केमिकलच्या दुकानातलं, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल-वास-रंग असतो. चुलीपासून, समईपासून लांब, पडवीत वाऱ्याला बसून करा, भडकतं ते.

एक मध्येच. तुम्ही नाणी जमवता हे गावात कळलं की लोक काय काय घेऊन येतात. कोणाला विहीर खणताना शिवराई मिळालेली असते, कोणाला वाळूत काहीतरी. जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असा कायदा आहे, १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, अजून चालू आहे, त्यामुळे उत्साहाने विकत घेऊन बसू नका, त्या माणसाला आधी हे सांगा. आणि शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तू धरली जातात, १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाने ती देशाबाहेर पाठवायची नाहीत, परदेशातल्या मित्राला गिफ्ट म्हणूनसुद्धा नाही. आपलं २००५ चं नाणं ह्या भानगडीत येत नाही. आणि "जुनं नाणं आहे? लाखो मिळतील, आधी फी भरा" असे फोन येतील, रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन येतील. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कसली फी-कमिशन मागत नाही. फोन ठेवून द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. बिल, ड्युटीची पावती, सर्टिफिकेट आणि मूळ डबी एका पिशवीत, पण नाण्याच्या डब्यात नाही, पुठ्ठ्याची आणि आतल्या मखमलीची स्वतःची आम्लं असतात. दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन मोबाईलमध्ये आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाईलमध्ये. विकायची वेळ आलीच तर सोनाराकडे शेवटी जा, तो वीस ग्रॅमचा भाव लावून त्यातून घट काढेल, कादंबरीचे पैसे देणार नाही. आधी जिथून घेतलं त्या व्यापाऱ्याला, मग प्रदर्शनात. डबी-सर्टिफिकेट नसेल तर तिथेही भाव पडतो, म्हणून आई माळा आवरताना "रिकामी डबी" टाकणार नाही ह्याची काळजी तुमची तुम्ही घ्या.

आणि शेवटची पायरी, ही मला कोणी सांगितली नव्हती, आमसुलाच्या प्रकरणानंतर स्वतः शोधलेली. घरात दुसरं एक चांदीचं नाणं आणून ठेवा. मी कुडाळच्या बाजारातून दहा ग्रॅमचं लक्ष्मीचं घेतलं आणि आजीच्या हातात दिलं, म्हटलं हे तुझं. धनत्रयोदशीला ती त्याला दुधाने धुते, आमसुलाने घासते, हळदकुंकू लावते, मनसोक्त. नेमोचा डबा माझ्या कपाटात, वरच्या फळीवर, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली आहे: "ह्यात स्क्रू आहेत."